शाळेतलं इलेक्ट्रॉनिक्स आणि कंप्युटर दुरुस्ती: नेमकं शिकवायचं काय?

टेस्टरधारी

नमस्कार मंडळी,

शाळेतल्या व्यावसायिक विषयांवर अधूनमधून चर्चा होते, पण ती बहुतेक वेळा 'मुलांच्या हाताला काम मिळतं' आणि 'अभ्यासात कच्च्या मुलांना तिकडे ढकलतात' या दोन वाक्यांत आटोपते. मला त्यात शिरायचं नाही. मी चौदा ते सोळा वयाच्या मुलांना हा विषय शिकवतो आणि माझं दुखणं अभ्यासक्रमाच्या पोटातलं आहे.

इलेक्ट्रॉनिक्स आणि कंप्युटर दुरुस्ती हे एकाच नावाखाली शिकवले जाणारे दोन विषय एकमेकांना भेटतच नाहीत. आधी रेझिस्टरचे रंग, ओहमचा नियम, डायोड, ट्रान्झिस्टर आणि ब्रेडबोर्डवर ५५५ टायमर लावून एलईडीची उघडझाप. मग एके दिवशी ते सगळं कपाटात जातं आणि कॅबिनेट उघडलं जातं: ही रॅम, ही हार्ड डिस्क, हा प्रोसेसर, आता विंडोज टाका. वर्ष संपतं तेव्हा मुलाला रंगांवरून रेझिस्टरची किंमत सांगता येते, विंडोजही टाकता येतं. पण बंद पडलेलं यंत्र समोर ठेवलं की पहिला प्रश्न येतो, "सर, काय बदलू?"

माझ्या मते दुरुस्ती म्हणजे निदान. भाग बदलणं हे शेवटचं आणि सगळ्यात सोपं काम.

दोन्ही विषय कुठे भेटतात याचं माझं आवडतं उदाहरण देतो. तक्रार अशी: "इंटरनेट चालत नाही." वायफाय जोडलेलं दिसतंय, पण कुठलंही संकेतस्थळ उघडलं की सुरक्षिततेचा इशारा येतो. मुलं लगेच राउटरकडे धावतात, मग ब्राउझर काढून परत टाकतात, त्यातला एखादा उत्साही वीर विंडोजच नव्याने टाकायला निघतो. पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख कुणीच बघत नाही. ती काही वर्षं मागे गेलेली असते. सुरक्षित जोडणीसाठी संकेतस्थळ जे प्रमाणपत्र दाखवतं त्याला 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' अशी मुदत असते. यंत्राचं घड्याळच मागे असेल तर ते प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून सुरूच झालेलं नाही. आणि घड्याळ मागे का गेलं? मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल बसला म्हणून. नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वरच दाखवतो, हा दोनच्या आसपास रेंगाळत असतो. मीटर (मल्टिमीटर) लावायचा, सेल बदलायचा, तारीख नीट करायची, काम संपलं.

या एका बिघाडात विद्युत्-रसायन आहे, मोजमाप आहे, बायोस (यंत्र चालू होताच सगळ्यात आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम) आहे, नेटवर्क आहे आणि थोडी कूटलिपीही आहे. असे बिघाड गोळा करून त्यांच्याभोवती वर्ष बांधावं असा विचार आहे. प्रकरणवार पुस्तक बाजूला, मुद्दाम बिघडवलेली यंत्रं टेबलावर.

तुमच्याकडचे असे बिघाड सांगा. आणि हा विचारच चुकीचा वाटत असेल तर तेही सांगा.

---

कोपऱ्यातला

वाखुसा (वाचनखूण साठवली). सेलचं उदाहरण भारी आहे.

---

कोडकामगार

विचार चांगला आहे, पण थोडं कडू बोलतो, हलके घ्या.

आजच्या लॅपटॉपमध्ये बदलण्यासारखं उरलंय काय? रॅम बोर्डावर झाळलेली, कित्येकांत साठवणसुद्धा झाळलेली, बॅटरी चिकटवलेली. अ‍ॅपलने २०२० मध्ये एम१ प्रोसेसर आणला त्यात तर मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजवर जाऊन बसली. मुलांना तुम्ही ज्या कॅबिनेटवर शिकवणार ती यंत्रं आणखी काही वर्षांनी फक्त कार्यालयांत आणि गेम खेळणाऱ्यांच्या टेबलावर दिसतील. तेवढ्या तासांत पायथन शिकवलं तर जास्त उपयोग नाही का? बिघाड शोधायची सवय कोड डीबग करतानाही लागतेच.

---

डागडुजी

@कोडकामगार, मी याच धंद्यात आहे, त्यामुळे टेबलावर रोज काय येतं ते सांगतो. चार्जिंगचं भोक सैल झालेलं. बिजागरी तुटून तिने सोबत पडद्याची केबल ओढलेली. पंखा धुळीने बसलेला आणि त्यामुळे यंत्र तापून मंद झालेलं. फुगलेली बॅटरी. कीबोर्डवर काहीतरी सांडलेलं. यातलं प्रोसेसरमध्ये किंवा झाळलेल्या रॅममध्ये काय आहे? फार थोडं. जी गोष्ट हलते, तापते, वाकते किंवा रोज खुपसली-काढली जाते ती आधी जाते.

आणि झाळलेलं म्हणजे दुरुस्त न होणारं, हाही गैरसमज. बोर्डावर एखादा बारीक सिरॅमिक कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) शॉर्ट झाला की सगळा लॅपटॉप मेल्यासारखा पडतो. तो शोधायची एक पद्धत पोरांना दाखवा, डोळे विस्फारतात. आधी बॅटरी आणि चार्जर काढायचा. मीटरने कुठली सप्लाय लाइन ग्राउंडला शॉर्ट आहे ते बघायचं. मग बेंच सप्लायवरून (व्होल्टेज आणि करंट हवा तेवढा लावता येणारा वीजपुरवठा) त्या लाइनला साधारण एक व्होल्ट द्यायचा, करंटवर मर्यादा लावून. त्या लाइनच्या नेहमीच्या व्होल्टेजच्या वर कधीही जायचं नाही. आता बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ थर. सगळा करंट त्या शॉर्ट झालेल्या कपॅसिटरमधून जातो, तो तापतो, आणि त्याच्याभोवतीचं अल्कोहोल बाकी बोर्डाच्या आधी वाळतं. ओल्या चकचकीत बोर्डावर एक कोरडा ठिपका हळूहळू मोठा होताना दिसतो. तोच चोर. (अल्कोहोल ज्वालाग्राही आहे, तापलेलं सोल्डरिंग आयर्न आधी बाजूला ठेवा. हे पोरांना दोनदा सांगा.)

ओहमचा नियम, करंटमुळे उष्णता, समांतर जोडणी, सगळं त्या एका ठिपक्यात आलं. टेस्टरधारी म्हणतायत ते हेच असावं.

पायथन शिकवाच, त्याला ना नाही. पण कोड चुकला तर 'पूर्ववत करा' असतं. इथे स्क्रू घसरून शॉर्ट झाला की झाला.

---

कोडकामगार

अल्कोहोलची युक्ती माहीत नव्हती. हे मान्य करतो की माझा लॅपटॉप गेला तेव्हा चार्जिंगचं भोकच गेलं होतं. :)

तरी मूळ प्रश्न राहतोच. हे सगळं बेंच सप्लाय, बारीक टीप, मायक्रोस्कोप वगैरे शाळेत शक्य आहे का? चौदा वर्षांच्या पोराच्या हाताला ते झेपेल का?

---

टेस्टरधारी

सगळं नाही. बारीक भाग काढणं-लावणं शाळेत करू नये असंच माझं मत. पण शोधणं करता येतं. दोष कुठे आहे ते सांगितलं की मुलाचं काम झालं, मग तो भाग मी काढीन किंवा बोर्ड तसाच राहील. बहुतेक अभ्यासक्रम बरोबर उलटं करतात: भाग काढायला-लावायला शिकवतात, शोधायला नाही.

---

जुना_रेडिओ

थोडा इतिहास, म्हाताऱ्याची हौस म्हणून.

आयबीएमने १९८१ मध्ये पीसी आणला तेव्हा त्याचं टेक्निकल रेफरन्स मॅन्युअल विकत मिळायचं आणि त्यात मदरबोर्डच्या सर्किट आकृत्या होत्या. इतकंच नाही, बायोसचा सगळा प्रोग्रॅम ओळीन्ओळ छापलेला होता. त्याआधी अ‍ॅपल टूच्या पुस्तिकेतही सर्किट आकृती असायची. रेडिओ आणि टीव्हीच्या मागच्या झाकणाच्या आत आकृती चिकटवलेली असायची ती वेगळीच. आम्ही शिकलो ते अशा कागदांवर. आकृतीवर बोट ठेवून 'इथे ५ व्होल्ट यायला हवेत, येतात का बघ' एवढंच मास्तर म्हणायचे.

आता तो कागदच गायब झालाय. त्यामुळे यंत्र कठीण झालं म्हणून दुरुस्ती कठीण झाली, हे अर्धंच खरं. माहिती दडवल्याने जास्त कठीण झाली. हल्ली कायदे होऊ लागलेत ते याच कारणाने: फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप-मोबाइलसारख्या काही वस्तूंवर 'दुरुस्त करायला किती सोपं' याचे दहापैकी गुण छापावे लागले, आणि त्या गुणांत 'कागदपत्रं देता का' हा एक निकष होता. मुलांना वर्गात एखाद्या यंत्राला असे गुण द्यायला लावा. स्क्रू की गोंद? सुटे भाग मिळतात का? मॅन्युअल मिळतं का? एक तास मजेत जाईल.

आणि @कोडकामगार, झाळलेली रॅम हे काही दगडावरची रेघ नाही. लॅपटॉपच्या कमी जाडीत बसणारं, स्क्रूने लावायचं कॅम२ नावाचं मेमरी मॉड्यूल डिसेंबर २०२३ मध्ये प्रमाणित झालं. सगळे उत्पादक ते वापरतील असं नाही, पण वारं एकाच दिशेने वाहत नाही.

---

मीटरवाली

मी या वर्गातून गेलेली विद्यार्थिनी आहे, म्हणून वेगळा मुद्दा मांडते.

चार जणांचा गट, एक कंप्युटर. पहिल्या दिवशी ज्याने स्क्रू ड्रायव्हर उचलला तो वर्षभर त्याच्याच हातात राहिला. माझं अक्षर चांगलं म्हणून वही माझ्याकडे. मी निरीक्षणं लिहिली, आकृत्या काढल्या, गुणही चांगले पडले. आणि रॅमचा खटका बसताना बोटाला कसं वाटतं ते मला शाळा सुटल्यावर कळलं. शिक्षक वाईट नव्हते, उलट मुलींना या विषयात आवर्जून घेत होते. पण गटात हात कुणाचे चालतात हे कुणी बघत नव्हतं.

तेव्हा सर, अभ्यासक्रम कसाही बांधा, पण हत्यार कुणाकडे आणि वही कुणाकडे ते तासागणिक बदला.

---

टेस्टरधारी

@मीटरवाली, हे लिहिलंत ते फार बरं झालं. माझ्याकडे दोघांची जोडी असते आणि नियम एवढाच: ज्याला उत्तर सुचलंय त्याने मीटरला हात लावायचा नाही, त्याने तोंडाने सांगायचं आणि दुसऱ्याने मोजायचं. हुशार पोरं चडफडतात. पण सांगायला लागलं की विचारातली भोकं दिसतात, आणि मुकाट बसणाऱ्याच्या हातात मीटर येतो.

---

निवांत

पालक म्हणून विचारते. मुलगी या वर्षी हा विषय घेतेय. शॉक, सोल्डरचा धूर आणि शिसं, या तिन्हीची भीती वाटते. कितपत खरी?

---

डागडुजी

ताई, तिन्ही प्रश्न रास्त आहेत. एकेक घेतो.

शिसं: सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ होत नाही, त्यामुळे ते धुरातून फुप्फुसात जात नाही. ते जातं बोटांवरून तोंडात. म्हणून टेबलावर खाणं-पिणं बंद आणि काम झालं की साबणाने हात धुणं, यावर तडजोड नाही. शाळेत बिनशिशाचं सोल्डर वापरावं असं मी म्हणेन. युरोपात १ जुलै २००६ पासून बहुतेक नव्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंत शिशावर बंदी आहेच, त्यामुळे मुलांना पुढे तेच जास्त भेटणार.

धूर: तो शिशाचा नसून फ्लक्सचा (सोल्डर धातूला नीट धरावं म्हणून वापरतात ते), म्हणजे मुख्यतः राळेचा असतो. निरुपद्रवी मात्र नाही. राळेच्या धुराने दमा जडू शकतो. तोंडावर येणारा धूर ओढून घेणारा पंखा हवा, आणि डोकं थेट सोल्डरवर वाकवून काम करायचं नाही. मुलीला दमा असेल तर शाळेला आधीच सांगा.

शॉक: उघडलेल्या कंप्युटरच्या आत बहुतेक ठिकाणी १२ व्होल्ट किंवा कमी असतात, त्याने शॉक बसत नाही. अपवाद म्हणजे पॉवर सप्लायचा बंद डबा. त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर साठा असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. भिंतीतून ११०-१२० व्होल्ट येणाऱ्या देशांतही बहुतेक सप्लाय आत व्होल्टेज चढवूनच घेतात, तेव्हा 'आमच्याकडे कमी व्होल्ट' ही पळवाट नाही. माझ्या मते शाळेत तो डबा उघडूच नये. बाहेरून तपासता येतो, तेवढं पुरे. जुने जाडजूड काचेचे मॉनिटर तर वर्गात आणूच नयेत, त्यांच्या पिक्चर ट्यूबवर वीस हजारांच्या वर व्होल्ट असतात.

---

जुना_रेडिओ

याला जोडून, ओहमचा नियम शिकवायचा सगळ्यात सुंदर धडा मनगटाच्या अँटिस्टॅटिक पट्ट्यात (अंगावरची स्थिर वीज जमिनीत सोडणारा पट्टा) आहे. पट्टा साध्या तारेने जमिनीला जोडलेला असतो असं सगळ्यांना वाटतं. मुलांना मीटर लावून मोजायला सांगा. सुमारे १० लाख ओहम येतात, म्हणजे आत एक मेगाओहमचा रेझिस्टर आहे. तो का? चुकून एक हात २३० व्होल्टला लागलाच तर २३० भागिले १० लाख, म्हणजे ०.२३ मिलिअँपिअर. माणसाला जाणवायला साधारण अर्धा ते एक मिलिअँपिअर लागतो. अंगावरची स्थिर वीज मात्र या रेझिस्टरमधूनही निमूट निघून जाते.

मग दुसरा प्रश्न टाका: पिक्चर ट्यूबच्या २५ हजार व्होल्टजवळ हाच पट्टा घालावा का? पोरं आपणच भागाकार करतात, २५ मिलिअँपिअर येतात, आणि वर्ग शांत होतो.

---

निवांत

धन्यवाद दोघांना. धुराचं माहीत नव्हतं, शाळेत विचारते.

---

शंकेखोर

@डागडुजी, बिनशिशाचं सोल्डर नवशिक्याला फार त्रास देतं असा माझा अनुभव. ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डर १८३ अंशाला एकदम वितळतं आणि एकदम गोठतं. बिनशिशाच्या नेहमीच्या मिश्रणाला २१७ ते २२० लागतात. मुलं आयर्नची टीप दाबून धरतात, पॅड (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) उचकटतं. आणि सांधा चमकत नाही, मग चांगला की वाईट ते कसं ओळखणार? आम्हाला तर 'मंद दिसला की कच्चा' असंच शिकवलं होतं.

---

डागडुजी

तो नियम शिशाच्या सोल्डरचा. बिनशिशाचा चांगला सांधासुद्धा मंदच दिसतो, त्यामुळे चमक बघू नका, आकार बघा. सोल्डर पॅडवर आणि पायावर दोन्हीकडे चढून आतल्या बाजूला वाकलेला उतार झाला पाहिजे. गोळा होऊन बसला असेल तर त्याने धातू पकडलेला नाही.

टीप दाबून धरणं हा तापमानाचा कमी आणि टीपेचा प्रश्न जास्त असतो. काळी पडलेली टीप उष्णता देतच नाही. म्हणून ती पुसून लगेच थोडं सोल्डर लावून ठेवायचं, आणि आयर्न ठेवून द्यायच्या आधी तर हमखास. मग पॅड आणि पाय दोन्ही एकदम तापवायचे, सोल्डर टीपेला न लावता सांध्याला लावायचं. दोन-तीन सेकंदांत व्हायला हवं. होत नसेल तर थांबा, फ्लक्स लावा, पुन्हा करा. दाबून काही होत नाही.

सुरुवातीला निकामी बोर्डांवरचे भाग काढायला द्या. काढताना पॅड उचकटलं तरी नुकसान शून्य.

---

शंकेखोर

पटलं. आकाराचा मुद्दा वहीत घेतला.

---

टेस्टरधारी

चर्चा सोल्डरवर गेलीच आहे, पण मला बिघाड हवेत. मी मुद्दाम लावतो त्यातले काही देतो, म्हणजे इतरांनाही सुचतील.

'पंखे फिरतात, पडद्यावर काही नाही.' हा सगळ्यात जास्त शिकवणारा. मुलांना आधी सगळं काढायला लावतो: हार्ड डिस्क, कार्डं, यूएसबी, अगदी रॅमसुद्धा. बोर्ड, प्रोसेसर आणि सप्लाय एवढंच ठेवायचं. बोर्डच्या पिनांवर छोटा स्पीकर लावायचा आणि चालू करायचं. रॅम नाही म्हणून त्याने बीप करून तक्रार केली पाहिजे. केली, तर त्याचा अर्थ मोठा आहे: सप्लाय येतोय, प्रोसेसर जिवंत आहे, बायोसचा प्रोग्रॅम चालतोय. मग रॅमची एकच पट्टी लावायची. बीप थांबला का? थांबला नाही तर तीच पट्टी दुसऱ्या खाचेत. मी पट्टीच्या दोन-तीन सोनेरी संपर्कांवर पारदर्शक टेप लावून ठेवलेली असते. ती सापडेपर्यंत मुलांनी खाच, पट्टी आणि बोर्ड यांचा संशय वेगवेगळा केलेला असतो. 'काहीतरी काढून बिघाड शोधायचा' ही कल्पनाच त्यांना नवी असते. नव्या बोर्डांवर स्पीकरऐवजी चार छोटे दिवे असतात, तिथे कुठला दिवा अडकला ते वाचायचं.

'अजिबात चालू होत नाही.' इथे सप्लाय बाहेरून तपासायचा. चोवीस पिनांच्या जोडणीत जांभळ्या तारेवर यंत्र बंद असतानाही ५ व्होल्ट हवेत. ते नसतील तर पुढे जाऊच नका. असतील तर सप्लाय बोर्डपासून सोडवून हिरवी तार कुठल्याही काळ्या तारेला जोडायची, सप्लाय सुरू होतो. पिवळ्यावर १२, लाल तारेवर ५, नारिंगीवर ३.३, पाच टक्के इकडेतिकडे चालतं; म्हणजे १२ च्या जागी ११.४ खाली गेला तर नापास. काही सप्लायच्या सगळ्याच तारा काळ्या असतात. तिथे पिन मोजाव्या लागतात: हिरवीची जागा १६ नंबर, जांभळीची ९.

आणि इथेच एक सापळा लावतो. असा एक सप्लाय माझ्याकडे आहे जो मोकळा मोजला की बरोबर १२ देतो आणि बोर्डला जोडून मोजला की १० च्या खाली जातो. मुलं 'सप्लाय चांगला' म्हणून मोकळी होतात आणि पुढचा तासभर बोर्डच्या मागे लागतात. भाराखाली मोजायचं असतं हे मी सांगत नाही. तो तासभर वाया गेलेला त्यांना पुढे कायम आठवतो.

---

कोडकामगार

रॅम काढून बीप ऐकायचा हे थेट आमच्याकडच्या डीबगिंगसारखं आहे. निम्मा कोड बंद करायचा आणि चूक अजून येते का बघायचं. ठीक आहे, मी माझा पायथनचा हट्ट निम्मा मागे घेतो.

सप्लायच्या सापळ्याबद्दल: तो असा वागतो का? कारण काय?

---

जुना_रेडिओ

बहुतेक वेळा थकलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. आतलं द्रव सुकत गेलं की त्यांचा अंतर्गत रोध वाढतो. मीटरला जेमतेम करंट लागतो म्हणून तो फसतो, बोर्डला भरपूर लागतो म्हणून व्होल्टेज बसतं. २००० च्या सुमाराच्या काही वर्षांत निघालेल्या मदरबोर्डांत हे साथीसारखं पसरलं होतं. कित्येक उत्पादकांच्या कपॅसिटरमधलं द्रवच सदोष होतं. टोपी फुगायची, वरून तपकिरी चिकटा यायचा. तसे जुने बोर्ड मिळाले तर टाकू नका, शिकवायला सोनं आहेत. मुलांना न सांगता नुसतं बघायला द्या. सपाट टोपी आणि फुगलेली टोपी शेजारी-शेजारी दिसते.

बदलताना क्षमता तीच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, १०५ अंशांचा आणि कमी अंतर्गत रोधाचा घ्यायचा. आणि उलटा लावायचा नाही. उलटा लावलेला कपॅसिटर आपली तक्रार फार मोठ्याने करतो.

---

मीटरवाली

अजून एक विषय कुणी काढला नाही म्हणून काढते. शाळेत शिक्षकांचे, शेजाऱ्यांचे कंप्युटर 'पोरांकडून करून घ्या' म्हणून येतात. सरावाला चांगलं आहे. पण त्यात लोकांचे फोटो असतात, पत्रव्यवहार असतो. आमच्या वेळी एकाने 'ध्वनी चालतो का बघायला' म्हणून कुणाचा तरी घरगुती व्हिडिओ लावला होता आणि सगळा वर्ग हसला. कुणाला काही वाटलं नाही. ज्या बाईंचा कंप्युटर होता त्यांना हे कधी कळलंच नसेल.

---

डागडुजी

हा धंद्याचा कणा आहे, आणि कुठल्याच अभ्यासक्रमात नसतो. माझ्या टेबलावरचे नियम: पासवर्ड मागायचा नाही, जमेल तेवढं पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून तपासायचं. आवाज तपासायला स्वतःची फाइल, छपाई तपासायला स्वतःचं पान. मालकाच्या फोल्डरमध्ये शिरायचं नाही. डेटा वाचवायचं कामच असेल तर मालकाला समोर बसवून.

आणि डेटाबद्दल एक सांगतोच, कारण नवशिके इथे कायमचं नुकसान करतात. हार्ड डिस्क टक-टक आवाज करत असेल तर ती तत्क्षणी बंद करायची. 'एकदा अजून बघू' म्हणून चालू केली की डोकं प्लेटवर घासतं. आवाज नाही पण वाचताना अडकते, तर आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढायची आणि सगळे प्रयोग प्रतीवर. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, स्मार्ट म्हणतात. त्यात बदललेल्या आणि प्रलंबित (वाचता न येणाऱ्या) सेक्टरांचे, म्हणजे डिस्कवरच्या साठवणुकीच्या छोट्या तुकड्यांचे आकडे वाढत असतील तर विंडोज परत टाकून काहीही होणार नाही. तरी सगळे आधी तेच करतात.

---

कोपऱ्यातला

+१. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका.

---

शंकेखोर

टेस्टरधारी, परीक्षा कशी घेणार? बिघाड सापडला तर पास आणि नाही सापडला तर नापास, असं केलं तर नशिबाने पहिल्या फटक्यात रॅम ढकलणारा पोरगा वर्गात पहिला येईल.

---

टेस्टरधारी

म्हणूनच गुण वहीला जास्त, पण वही म्हणजे सुवाच्य अक्षर नव्हे. तक्रार काय होती, संशय कशावर, मोजलं काय आणि किती आलं, त्यावरून कुठला संशय काढून टाकला. मोजायच्या *आधी* किती यायला हवं ते लिहायचं, ही एक अट. ११.२ आले आणि आधी १२ लिहिलेलं असेल तर मूल थबकतं. आधी काहीच लिहिलेलं नसेल तर ११.२ बघून 'आलं' म्हणून पुढे जातं. बिघाड नाही सापडला तरी अशी वही असेल तर मी पास करतो. सापडला पण वही कोरी, तर तोंडी विचारतो. नशीबवान लगेच उघडे पडतात.

---

निवांत

मुलीसाठी घरी एखादा मीटर घ्यायचा म्हणतेय. कोणता घेऊ?

---

डागडुजी

फार भारी नको. व्होल्टेज, रोध, डायोड आणि कंटिन्युइटीचा बीप एवढं पुरे. बीप झटकन वाजला पाहिजे. टोकं एकमेकांना लावल्यावर क्षणभर थांबून वाजणारा मीटर वैताग आणतो. करंट मोजायच्या भोकाला फ्यूज आहे ना ते बघा. टोकांजवळ कॅट थ्री (सुरक्षिततेचा दर्जा) आणि ६०० व्होल्ट असं लिहिलेलं असावं, विश्वासातल्या उत्पादकाचं. लिहायला काय, कुणीही छापतो. भिंतीच्या सॉकेटात तिने तो लावायचा नाही, हे ठरवूनच द्या.

आणि १० अँपिअरच्या भोकावर पहिल्याच दिवशी टेप लावून टाका. लाल टोक तिथे राहून गेलं आणि त्याच अवस्थेत कुणी व्होल्टेज मोजायला गेलं की मीटर म्हणजे सरळ एक जाड तार होते. शिकणाऱ्यांचे बहुतेक मीटर असेच जातात. करंट मोजायला शिकवतील तेव्हा टेप काढता येईल.